चाबूकवाल्याचं डोकं

आमच्या बेटावरच्या हाल हर्रूब गावात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आठ मूर्तिसमूह निघतात. त्यांतल्या दुसऱ्यात खांबाला बांधलेला येशू आहे आणि त्याच्या पाठीशी चाबूक उगारून उभा असलेला एक माणूस. कान सुपाएवढे, डावी भुवई उजवीपेक्षा वर, ओठ मागे खेचलेले, आणि दात सगळे बाहेर, पुढच्या दोहोंत फट. तो माझ्या खापरपणजोबाच्याही कितीतरी पिढ्या आधीचा आमचा पूर्वज ग्रेत्सियू. त्याला जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, पण कान आणि दात अजून आमच्या घरात आहेत. माझ्या बापाला होते, माझा भाऊ मानुएल याला होते, मला आहेत. त्यांच्यामुळे माझं लग्न जमायला उशीर झाला, आणि मग जमलंच नाही.

घरात सांगतात ते असं. मूर्ती कोरणारा शहरातून गावी आला, तेव्हा जो तो आपला चेहरा द्यायला पुढे. जमीनदाराचा मुलगा संत योहान झाला, बेकरीवाल्याची बायको येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका झाली. चाबूकवाला व्हायला कोणी तयार होईना. तेव्हा ग्रेत्सियू म्हणाला, "मी उभा राहतो. कोणीतरी हवंच ना." दीड महिना तो हात उगारून उभा राहिला. काम झालं, मूर्ती रस्त्यावर आली, आणि तो मदतीला उभा राहिला होता हे गाव विसरलं. दात तेवढे लक्षात राहिले.

तेव्हापासून आम्ही 'ताल-फ्रोस्ता', म्हणजे चाबूकवाले. आमचं खरं आडनाव पोस्टमनलाही आठवत नाही. दर गुड फ्रायडेला ही मूर्ती बेकरीच्या कोपऱ्यावर आली की गाव तिची हुर्यो उडवतं, मुलं ओल्या शेंगांची टरफलं फेकून मारतात. ज्या मूर्तीवर टरफलं पडतात तिच्याखाली खांदा द्यायला दुसरं कोण येणार? म्हणून तिचे आठही खांदेकरी पहिल्यापासून आमच्याच घरातले. टरफलं झेलून घरी आलं की माझा बाप डोकं झटकत एकच वाक्य पुटपुटायचा, "खालून बघणाऱ्याला काय कळतंय!" तरुणपणी तो एकदा मूर्तीला फुलं बांधायला वर चढला होता म्हणे. आम्हाला ती नुसती कुरकुर वाटायची.

मी चेन्सा. वय एक्काहत्तर. आयुष्यभर शिवणकाम केलं, आणि खांदेकऱ्यांच्या खांद्यावरच्या उश्या अजूनही मीच शिवते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

गुड फ्रायडेआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांतला पहिला आठवडा होता. सुर विस्तीन माझ्या दारात आला. मिरवणूक समितीचा अध्यक्ष. गाव त्याला 'सुर', म्हणजे साहेब, म्हणतं. शाळेत तो माझ्या दोन इयत्ता मागे होता आणि त्याचं वाहतं नाक मी माझ्या रुमालाने पुसलेलं आहे, त्यामुळे मला ते जमत नाही.

"चेन्सा, बस जरा. चांगली बातमी आहे."

"माझ्याच घरात मला बस म्हणतोस? बोल काय ते."

"यंदा मिरवणूक टीव्हीवर दाखवणार आहेत. सगळं बेट बघणार. तर समितीने ठरवलंय, चाबूकवाल्याचं डोकं बदलायचं."

"काय करायचं?"

"डोकं बदलायचं. नवीन तयारसुद्धा झालंय. अस्सल लाकूड, शहरातला कारागीर. रोमन शिपाई, सरळ नाक, गंभीर चेहरा. ते दात विचकणं, ती हुर्यो, टरफलं... टीव्हीवर शोभतं का ते? आणि तुमचाही विचार केला बरं का आम्ही. किती पिढ्या सोसताय! तुमच्या घराण्यावरचा डाग एकदाचा पुसला जाईल."

माझ्या हातात सुई होती. ती मी उशीत खुपसून ठेवली, कारण दुसरीकडे खुपसावीशी वाटत होती.

"डाग? विस्तीन, तो आमचा चेहरा आहे."

"अगं, तेच तर म्हणतोय मी—"

"तू काय म्हणतोयस ते कळलं मला. आम्हाला विचारलंस?"

"समितीत तुमच्यापैकी कोणी नाही ना."

"असेल कसं? घेतलंत कधी?"

तो हसला. अशा वेळी हसायची त्याला सवय आहे. म्हणाला, "रागावू नकोस. ईस्टरला तूच मला धन्यवाद देशील." आणि जाताना माझ्या बशीतली बदामाची दोन बिस्किटं खाऊन गेला.

मला राग आला होताच, पण रागाच्या खाली दुसरं काही होतं. नोव्हेंबरात मानुएल गेला. चाळीस वर्षं तो त्या मूर्तीचा पुढचा खांदेकरी होता. त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. कॅमेरा दिसला की तो दातांवर हात धरायचा. लग्नाचा फोटो बघा, मुलाच्या नामकरणाचा बघा, सगळीकडे हात. तो गेल्यावर त्याचा उघडा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि विस्तीन तोच उतरवायला निघाला होता. तीनशे वर्षं आमच्यावर टरफलं टाकली, आणि आता आमच्यावर उपकार म्हणून आम्हालाच पुसणार? मी त्या दिवशी जेवले नाही.

संध्याकाळी सल्वूकडे गेले. सल्वू मानुएलचा मुलगा, दगडाच्या खाणीवर काम करतो. बापानंतर पुढचा खांदा आता त्याचा. तो अंगणात बुटांतली पांढरी धूळ झटकत होता.

"ऐकलं मी, आत्या," तो म्हणाला. "जाऊ दे ना."

"जाऊ दे?"

"खाणीवर मला सल्वू कोणी म्हणत नाही. 'ए फ्रोस्ता, चाबूक ठेव आणि जेवायला चल.' पंचवीस वर्षं तोच विनोद, आणि दर वेळी हसतात. डोकं बदललं तर बदललं. मला तर बरंच वाटलं."

"तुझ्या बापाचा चेहरा आहे तो!"

"बाबांना तरी कुठे हवा होता? फोटोत हात कशाला धरायचे मग?"

उत्तर नसलं की मी जास्त ओरडते. "यंदा तुझ्या उशीत कापसाऐवजी खडी भरते, थांब," असं म्हणून मी तरातरा निघून आले. तो मागून हसला, ओठ घट्ट मिटून. तोही दात लपवतो.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी नवीन डोकं बसवून मूर्ती चर्चमध्ये ठेवली. अख्खं गाव बघायला आलं. चेहरा गुळगुळीत, नुकताच न्हाव्याकडून उठून आल्यासारखा. कान लहान, ओठ मिटलेले. हातात चाबूक होता, पण हा माणूस कोणाला मारणार आहे असं वाटतच नव्हतं. बायका म्हणाल्या, "छान आहे हं." बेकरीवालीण म्हणाली, "पण याची हुर्यो कशी उडवायची?" तिला दुसऱ्या बाईने गप्प केलं. मी सगळ्यात मागे उभी होते. माझ्याकडे वळून विस्तीनने मान हलवली, धन्यवाद देतेस ना, अशा अर्थाने.

गुड फ्रायडेच्या सकाळी उश्या द्यायला मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. फादरांचे झगे ठेवतात ती खोली. उश्या ठेवायला कपाट उघडलं, तर खालच्या खणात, मेणबत्त्यांच्या तुकड्यांत, जुनं डोकं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक कान बाहेर.

कान बघूनच मी ओळखलं. इकडेतिकडे पाहिलं नाही. डोकं टोपलीत टाकलं, वर उश्यांचं फडकं घातलं आणि सरळ पुढच्या दाराने बाहेर पडले. वाटेत दोघींनी विचारलं, "काय गं चेन्सा, काय नेतेस?" मी म्हटलं, "कोबी." कोणाला काही वाटलं नाही.

घरी येऊन दाराला कडी घातली, खिडकीपाशी बसले आणि डोकं मांडीवर घेतलं. एक्काहत्तर वर्षं तो चेहरा मी पाहत आले होते, पण नेहमी खालून. मूर्ती खांद्यावर, खांद्याच्या वर चौथरा, चौथऱ्यावर तो. खालून भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, आणि उजेड सगळा दातांवर.

आता तो माझ्या समोर होता. भुवयांखाली डोळे होते, काचेचे, आणि काठोकाठ भरलेले. कोरणाऱ्याने खालच्या पापणीवर एकेक थेंब बसवला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. नजर येशूच्या पाठीवर नव्हतीच. ती बाजूला वळलेली होती, स्वतःच्या उगारलेल्या हाताकडे. आणि ते ओठ. ते दात विचकणं नव्हतं. माणूस पोटातून रडतो तेव्हा ओठ असेच मागे जातात. मला ते माहीत आहे. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मानुएल असाच रडला होता. हातात सुया टोचलेल्या, त्यामुळे तोंडावर हात धरता आला नव्हता.

मी खूप रडले. मग तोंड धुतलं आणि सल्वूला बोलावणं पाठवलं.

तो धुसफुसत आला. "आत्या, आजच्या दिवशी तरी भांडण नको. पाच वाजता मूर्ती उचलायची आहे."

"भांडत नाही. बस. हे मांडीवर घे."

त्याने घेतलं. बराच वेळ बघत राहिला. अंगठा त्या थेंबापर्यंत गेला आणि थांबला.

"बाबा," तो म्हणाला. एवढंच.

मग त्याने विचारलं, "आजोबा वर चढले होते ना एकदा?"

"हो."

"आणि कोणाला सांगितलं नाही?"

"दर वर्षी सांगत होते. आपण ऐकलं नाही."

सल्वूने डोकं फडक्यात नीट गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि उठला. "टोपली घेऊन चर्चच्या पायऱ्यांपाशी उभी राहा," तो म्हणाला. "मी बाकीच्या सातजणांना भेटून येतो."

पाच वाजता चौक माणसांनी भरला होता. त्या दिवशी घंटा मुक्या असतात, त्यांच्या जागी लाकडी खटखट्या वाजतात. टीव्हीवाले बेकरीच्या गच्चीवर एक कॅमेरा लावून बसले होते, दुसरा खांद्यावर घेऊन एक पोरगी फिरत होती. पहिली मूर्ती, बागेत प्रार्थना करणारा येशू, बाहेर पडली आणि बँडच्या संथ तालावर पुढे गेली. मग आमची. पांढरे झगे घातलेले आठजण, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे. पायऱ्या उतरले, चौकाच्या मध्यावर आले. सल्वूने काठीने चौथऱ्यावर एकदा टकटक केलं. आठही जणांनी बेचक्याच्या काठ्या चौथऱ्याखाली टेकवल्या, खांदे काढून घेतले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

लोकांना वाटलं, दम खातायत. बँडने तीच धून पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा. पहिली मूर्ती गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली. मागे तिसरी, काट्यांचा मुकुट घातलेला येशू, चर्चच्या दारात अडकून उभी. तिच्या मागून आतून आवाज, "काय झालं? पुढे सरका!"

विस्तीन धावत आला. काळा सूट, गळ्यात समितीचं पदक.

"सल्वू! काय चाललंय? उचला!"

"नाही उचलत," सल्वू म्हणाला.

"म्हणजे?"

"हा कोण आहे वर? आम्ही ओळखत नाही याला. अनोळखी माणसाला आम्ही खांदा देत नाही."

माझ्या शेजारचा माणूस फिस्सकन हसला. विस्तीनचे कान लाल झाले. "टीव्ही चालू आहे, गाढवा! बाजूला करा ती मूर्ती, मागच्यांना जाऊ द्या!"

"जाऊ द्या की," सल्वू म्हणाला. "मग येशूला आधी क्रूसावर चढवा आणि फटके नंतर मारा. तुमची समिती ठरवेल ते खरं."

आता बरेच जण हसले. विस्तीन गर्दीकडे वळला. "आठ माणसं हवीत! कोण येतंय?" कोणी हललं नाही. खांदेकऱ्यांची उंची खांद्यापासून मोजतात, वर्षभर आधी जोड्या लावतात. असे कोणतेही आठजण घातले तर मूर्ती पहिल्याच वळणावर आडवी होईल, हे लहान पोरालाही माहीत होतं. शिवाय चाबूकवाल्याखाली खांदा? दोघेतिघे तर मागेच सरकले. इतकी वर्षं ज्या जागेला कोणी शिवलं नाही, तिथे आता आयत्या वेळी माणूस कुठून मिळणार? मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात दुन लाउरेन्स आले, आमचे फादर. तरुण आहेत, घाईत असतात. "सल्वू, काय हवंय तुम्हाला?"

मी टोपली घेऊन पुढे झाले. फडकं काढलं.

"चोरी!" विस्तीन ओरडला. "चर्चच्या कपाटातून चोरी केलीय हिने! गुड फ्रायडेला!"

"कोणाचं डोकं आहे हे, विस्तीन?" मी विचारलं. "सगळ्या गावाला विचार, हा चेहरा कोणाचा आहे. गाव तीनशे वर्षं आम्हाला तेच सांगत आलंय. आता आमचं म्हणता म्हणता तुझं कसं झालं?"

"आम्ही तुमच्या भल्यासाठी—"

"आमचं भलं? तुला टीव्हीसाठी सुंदर चाबूकवाला हवा होता. सुंदर माणसं चाबूक मारत नाहीत असं वाटतं का तुला? दुन लाउरेन्स, हे डोकं वर बसेल, नाहीतर आज इथून क्रूस पुढे जाणार नाही. मी म्हातारी आहे, मला घाई नाही. रात्रभर उभी राहीन."

चर्चच्या दारातून कोणीतरी ओरडलं, "फादर, आमचे खांदे गेले!" काट्यांच्या मुकुटवाल्यांनी काठ्या आणल्या नव्हत्या.

दुन लाउरेन्सनी मूर्तीकडे पाहिलं, विस्तीनकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुतार कोण आहे तुमच्यात?"

आमचा जोर्ज सुतार आहे, मागच्या डाव्या कोपऱ्याचा. तो झगा कमरेला खोचून वर चढला. डोकं मानेतल्या लाकडी खुंटीवर बसतं. त्याने पाचर ठोकून काढली, रोमन शिपायाचं डोकं उपटलं आणि खाली दिलं. खाली घ्यायला सगळ्यात जवळ विस्तीनच होता. टीव्हीवर तो सबंध वेळ तसाच दिसला, ते डोकं दोन्ही हातांत धरून, ठेवायला जागा शोधत.

आमचं डोकं दुन लाउरेन्सनी माझ्याकडून घेतलं आणि वर द्यायला उचललं. क्षणभर ते त्यांच्या चेहऱ्यासमोर आलं. त्यांचे हात थांबले.

"चेन्साबाई," ते हळूच म्हणाले, "डोळे पाहिलेत याचे?"

"पाहिले."

"हा तर... लोकांना सांगायला हवं हे. मी आत्ता लाउडस्पीकरवर सांगतो. हुर्यो कायमची थांबेल."

त्यांचं मन चांगलं आहे. तरी मी त्यांच्या बाहीला धरलं.

"एक शब्द बोललात तर हे आठजण पुन्हा काठ्या टेकतील."

"पण का? तुमचाच अपमान थांबेल ना."

"हुर्यो आम्हाला सवयीची आहे, फादर. कीव नको. आज तुम्ही सांगाल, उद्या हेच लोक आमच्या दारात येऊन हळहळतील, अरेरे म्हणतील, विस्तीन भाषण करेल. आम्ही चाबूक धरला, कारण कोणीतरी धरायला हवा होता. ज्याला डोळे बघायचे असतील त्याने वर चढावं. खालून फुकट दाखवणार नाही."

त्यांनी डोकं जोर्जकडे दिलं. जोर्जने ते खुंटीवर बसवलं, पाचर ठोकली आणि कान सरळ केले. सल्वूने काठीने टकटक केलं. आठ खांदे चौथऱ्याखाली गेले आणि मूर्ती उठली.

मला धाकधूक होती. टीव्ही होता, मघाचा तमाशा झाला होता. लोक आता सभ्य होतील की काय? मूर्ती डुलत डुलत बेकरीच्या कोपऱ्यावर आली. कोणी आवाज करेना. मग बेकरीवालीण पुढे झाली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घसा ताणून ओरडली, "हुर्योऽऽ! आला गं बाई मेला!" आणि सगळा कोपरा फुटला. हुर्यो, शिट्ट्या, गच्चीवरून टरफलांचा पाऊस. इतकी मोठी हुर्यो मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि मीसुद्धा ओरडत होते.

कॅमेरावाली पोरगी धावत सल्वूसमोर आली. त्याच्या केसांत टरफल अडकलं होतं. एक हात दांड्यावर होता, दुसऱ्यात काठी. मला वाटलं, आता हा हात तोंडावर जाणार. त्याने काठी घट्ट धरली, मान वर केली आणि सगळे दात दाखवले, फटीसकट.

टीव्हीवरच्या त्या क्षणाचा फोटो आता माझ्या भिंतीवर आहे. बघायला येतात ते विचारतात, हा हसतोय का गं? मी म्हणते, तुम्हाला काय दिसतंय ते बघा. त्या दिवशी मी त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होते. मला त्याचे डोळे दिसले होते.